मटकीची ऊब

आज सकाळी मोड आलेल्या मटकीची पुरचुंडी सोडायला गेले आणि फडक्याला हात लागताच थांबले. ओलं फडकं गार लागायला हवं. हे चांगलं कोमट होतं.

माझी आई पुरचुंडी सोडण्याआधी तिला हात उलटा करून लावायची, अगदी तापात आमच्या कपाळाला लावायची तसा. "ऊब धरलीय. आज उसळ करू," म्हणायची. मला ताप असला की तोच मटकीच्या वासाचा हात माझ्या कपाळावर यायचा.

नववीत बाईंनी शिकवलं, रुजणारा दाणा श्वास घेतो. पोटात साठवलेलं अन्न प्राणवायूच्या मदतीनं हळूहळू जाळतो. त्यातून त्याला वाढायला बळ मिळतं आणि बाकीचं ऊब होऊन बाहेर पडतं. आपल्याही पेशीपेशीत हेच चालतं, ना जाळ, ना धूर. घरी येऊन मी हे सगळं आईला ऐकवलं.

"म्हणजे मी नि मटकी सारखीच की गं!" ती हसली. "चल, जेवायला बस."

तिच्या हाताची ऊब म्हणजे तिनं खाल्लेली भाकरीच होती, हे मला कळत होतं. तरी मी त्या उबेला मायाच म्हणत आले. शेवटच्या दिवशी तो हात हातात घेतला, तेव्हा नुसत्या ओल्या फडक्यासारखा गार होता.

"आई, अशी का उभी राहिलीस?" लेकीनं विचारलं.

"हात लावून बघ."

ती पुढे आली आणि मी काही न सांगताच तिनं हात उलटा केला.