डाव्या बाजूने उघडणारा किल्ट

माझ्या नवऱ्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं ते आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. आम्ही तेव्हा दुबईत अल कुसैसला राहायचो. एका पिकअपवाल्याने मागे न बघता गाडी मागे घेतली आणि हे खाली पडले. ऑपरेशन झालं. हे घरी आले तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूने स्टीलच्या कांड्या निघालेल्या होत्या आणि त्यांना जोडणारा एक जाड दांडा होता. हाड जुळायला काही महिने लागतील, तोवर हे सगळं असंच राहणार, असं डॉक्टर म्हणाले. तोवर पॅन्टचं काय करायचं, ते कोणी सांगितलं नाही.

घरात लुंगीवर भागत होतं. पण महिना संपत आला तसा ऑफिसातून फोन आला. हे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत टेंडरं बनवायचं काम करत. ऑफिस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, मॅनेजर स्कॉटलंडचा. त्याने सरळ सांगितलं की एक मोठं टेंडर भरायचंय, पुढच्या शनिवारी टेबलाशी येऊन बसलात तर तुमची जागा तुमची, नाहीतर दुसरा माणूस घ्यावा लागेल. तो वाईट माणूस नव्हता, पण नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की मुलांची शाळा, घर, सगळंच आवरावं लागतं. हे तिथे राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला की ऑफिसला घालायचं काय.

पॅन्टचा एक पाय उसवून बघितला. कांड्या अगदी कमरेच्या खालपासून सुरू होत होत्या, त्यामुळे अर्धी पॅन्ट उसवूनही ती वर चढेना. बर्म्युडाचं तेच. ढगळ पायजमा आणला, तर त्याचं कापड कांड्यांत अडकून हे असे कळवळले की पायजमा त्याच दिवशी पोछ्याला गेला. शेजारीण म्हणाली, अरबांचा पायघोळ कंदुरा घालू दे, इथले सगळे घालतातच की. ह्यांनी ऐकूनच घेतलं नाही. रत्नागिरीचा ब्राह्मण कंदुरा घालून ऑफिसात आला तर लोकांना मी फॅन्सी ड्रेसला निघालोय असं वाटेल, म्हणाले. कंदुऱ्याचा घेर अरुंद असतो आणि गाडीत चढताना तो मांडीवर ओढला जातो, हे माझं कारण होतं. ते जास्त बरोबर होतं, पण ह्यांना आपलंच कारण आवडलं.

शेवटी मीच ह्यांना मॅनेजरला फोन लावायला लावला. पांढरी, इस्त्री केलेली लुंगी आणि वर फुल शर्ट चालेल का, असं विचारायला सांगितलं. तो म्हणाला, नाही, क्लायंट येतात, बरं दिसत नाही. मग तो हसला आणि म्हणाला, किल्ट असता तर मी काही बोललो नसतो, आमच्याकडे पुरुष नेसतातच, मी स्वतः घालतो. हे पण हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी ह्यांच्या हातातून फोन घेतला आणि इंग्रजीत विचारलं की किल्ट घातला तर शनिवारी ऑफिसात घ्याल का. तो म्हणाला, घेईन.

मला अजून त्या गोष्टीचा राग येतो. कमरेला गुंडाळायचं कापडच ते. एकाला चुण्या आणि एकाला नाहीत. पण वाद घालायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने ड्रायव्हरबरोबर स्वतःचा जुना किल्ट नमुन्यासाठी पाठवला. मी तो डायनिंग टेबलवर पसरला. टेबल पुरलं नाही. जाड लोकरीचं कापड, मागे दाट चुण्या, पुढे दोन सपाट पल्ले एकावर एक, आणि बाजूला चामड्याचे पट्टे. तो उचलताना रजई उचलल्यासारखं वाटत होतं. थंड मुलुखात ठीक असेल, आमच्याकडे पार्किंगपासून लिफ्टपर्यंत गेलं तरी शर्ट पाठीला चिकटायचा.

मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "ममा, इट्स माय युनिफॉर्म."

तिचा शाळेचा स्कर्टही असाच चौकड्यांचा, चुण्यांचा होता. मुलगा म्हणाला, "बाबा इज गोइंग टू गर्ल्स सेक्शन." ह्यांनी चष्म्यातून दोघांकडे बघितलं आणि मला म्हणाले, "अगं, चौकडी अजिबात नको." तिथून ह्यांच्या पसंतीला सुरुवात झाली.

आठवडाभर जो माणूस जेवायला काय करू विचारलं तर 'काहीही' म्हणायचा, त्याला किल्टबद्दल सगळं ठाऊक होतं. चौकडी नको, कारण एक तर ती लुंगी वाटते किंवा मुलीचा स्कर्ट. काळा नको, वकील वाटतो. खाकी नको, वॉचमन वाटतो. शेवटी गडद राखाडी सुती ड्रिलच्या जाड कापडावर आम्ही थांबलो, कारण ह्यांच्या ऑफिसच्या पॅन्टही राखाडीच होत्या. लांबी गुडघ्याच्या खाली हवी. खरा किल्ट गुडघ्याच्या मधोमध संपतो, मी नमुना दाखवला. "माझे गुडघे कोणी बघायची गरज नाही," म्हणाले. ठीक. पट्टे नको, नेहमीचा बेल्ट घालता आला पाहिजे, म्हणजे कमरेला लूप आले. मला वेल्क्रो सोयीचा वाटत होता, एका हाताने उघडतो. ह्यांनी तो एकदा उघडून बघितला आणि बाजूला ठेवला. मीटिंगमध्ये कोणी तरी कापड फाडल्यासारखा आवाज होतो म्हणे. मग टिचबटणं ठरली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते खिशांनी. किल्टला खिसे नसतात, पुढे कमरेला एक चामड्याचा बटवा लटकवतात. तो ह्यांना नको होता. बटवा माझी आजी लावायची, असं म्हणाले. पॅन्टसारखे आत जाणारे खिसे हवेत. मी समजावलं की बाजूला चुण्या सुरू होतात, तिथे आत खिसा घातला की चुणी फुगणार आणि बसल्यावर किल्ल्या मांडीखाली येणार. मग उजव्या बाजूला वरून शिवलेला, झाकण असलेला एक मोठा खिसा ठरला. एकच का, दोन का नाहीत, ह्यावर आणखी एक संध्याकाळ गेली. डाव्या बाजूला कांड्या आहेत हे त्यांना त्यांच्याच मांडीकडे बोट दाखवून सांगावं लागलं.

माझं स्वतःचं म्हणणं दोनच गोष्टींबद्दल होतं. एक म्हणजे वारा. शमालचा वाळूचा वारा सुटला की ऑफिसच्या त्या पार्कातल्या मोकळ्या रस्त्यांवर कचऱ्याचे डबेसुद्धा चालायला लागतात, तिथे दोन कुबड्यांवरचा माणूस कापड कुठल्या हाताने धरणार? पडद्याच्या खालच्या दुमडीत घालतात ती शिशाची बारीक साखळी मी पल्ल्याच्या दुमडीत घालायला आणली. दुसरी गोष्ट उघडण्याची. पुरुषांचा किल्ट उजवीकडे उघडतो. आमचा डावीकडेच उघडला पाहिजे, कमरेपासून खालच्या काठापर्यंत, मध्ये एकही अडथळा न येता. सगळा उद्योग त्यासाठीच होता. दांड्यावरून पल्ला अलगद पडला पाहिजे आणि दुखायला लागलं तर टेबलाखाली हळूच बाजूला करता आला पाहिजे.

घरच्या मशीनवर ड्रिलच्या चुण्या एकावर एक शिवल्या असत्या तर सुई मोडली असती. म्हणून मी नमुना, कापड, साखळी आणि ब्राऊन पेपरवर काढलेली आकृती घेऊन बर दुबईला मीना बाजारमध्ये आमच्या नेहमीच्या मास्टरकडे गेले. म्हातारा रत्नागिरीकडचाच, खाडीकाठच्या गावातला. दुबईत आल्यापासून माझे ब्लाउज तोच शिवायचा. त्याने किल्ट उलटसुलट करून पाहिला.

"भाभी, हे बाईमाणसाचं का बापयाचं?"

"बापयाचं. साहेबांचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाय, कांड्या, ऑफिस, सगळं सांगितलं. आकृतीवर बोट ठेवून सांगितलं की ही बाजू उघडी ठेवायची. त्याने मान डोलावली. इन्शाल्ला गुरुवारी, म्हणाला. गुरुवारी संध्याकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, दुकानात तीन बायका एकाच वेळी बोलत होत्या. त्याने घडी घालून, कागदात गुंडाळून किल्ट माझ्या पिशवीत टाकला.

शुक्रवारी सकाळी मी तो उघडला. चुण्या सुरीसारख्या. खिसा जागेवर, लूप जागेवर. हे पलंगाच्या कडेला बसले होते, कौतुकाने कापडावर हात फिरवत. मी टिचबटणं काढली आणि पल्ला बाजूला करायला गेले. पल्ला हलेना.

मास्टरने तो शिवून टाकला होता. कमरेखाली वीतभर जागा सोडून थेट खालच्या काठापर्यंत दुहेरी शिलाई, आतून ओव्हरलॉक. डोक्यातून किंवा पायांतून घालावा लागेल असा बंद घोळ. सुंदर शिवलेला.

हे म्हणाले, "आता?"

मी ब्लेड घेऊन बसले आणि उसवायला लागले. शुक्रवार, तिथला सुट्टीचा दिवस, दुपारपर्यंत कापडाचं एकही दुकान उघडणार नव्हतं, मास्टरचंही नाही. शिलाई निघाली तेव्हा दिसलं की ओव्हरलॉकच्या मशीनने जास्तीचं कापड कापून टाकलंय. दुमडायला काठच उरला नव्हता, सूत निघायला लागलं होतं. काठावर पट्टी लावणं भाग होतं आणि घरात गोट लावण्याजोगं मजबूत कापड एकच होतं, मुलीचा आखूड झालेला जुना शाळेचा स्कर्ट. चौकडीचा.

"अहो, चौकडी चालेल का, हे मी आता विचारत नाहीये," मी सांगितलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

दुपारनंतर दुकानाचा फोन लागला. मी मास्टरला विचारलं, मी उघडी ठेवायला सांगितलेली बाजू बंद का केली.

तो शांतपणे म्हणाला, "भाभी, उघडी कशी ठेवणार? वारा आला तर? आमच्याकडं लुंगी शिवलेलीच असते, सुटी नेसत नाही कोण. म्हटलं साहेब चारचौघांत बसणार, त्यांची लाज राहूदे. त्या शिलाईचे पैसे पण नाही लावले."

"आणि त्या कांड्या कुठून जाणार होत्या?"

तिकडे मशीनची घरघर थांबली.

"त्या राहिल्याच डोक्यातून," तो म्हणाला.

चिडून उपयोग नव्हता. त्याच्या वाडीत पुरुषाची लुंगी दोन टोकं जोडूनच अंगावर येते. त्याला उघडा पल्ला ही माझी विसरलेली गोष्ट वाटली आणि त्याने ती निस्तरली. माझा अख्खा दिवस मात्र त्याच्या चांगुलपणात गेला.

संध्याकाळी बसायची तालीम घेतली. चुण्यांच्या कपड्यात बसताना मागून हात फिरवून कापड सारखं करायचं, मग टेकायचं, हे आम्हा बायकांना कोणी शिकवत नाही, लहानपणी होऊन जातं. ह्यांना ते येईना. एक हात कुबडीवर, दुसरा हात नेमका वेळेवर विसरायचा, आणि चुण्यांचा गोळा होऊन हे त्यावर बसायचे. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, स्वीप अँड सिट. इट्स नॉट रॉकेट सायन्स." हे तिच्यावर ओरडले. मग माझ्यावर ओरडले की हा सगळा मूर्खपणा आहे, मी जात नाही, घेऊ देत दुसरा माणूस.

मी म्हटलं, "परत उठा."

उठले. परत बसले. परत गोळा. तेवढ्यावर मी तालीम थांबवली.

शनिवारी मी काम करायचे त्या क्लिनिकमधून सुट्टी घेतली आणि ह्यांना गाडीने घेऊन गेले. पुढची सीट पूर्ण मागे केली होती. ऑफिसच्या दाराशी वारा होताच, पण साखळीने पल्ला जागेवर धरला. सिक्युरिटीवाला मल्याळी होता. त्याने आधी किल्टकडे बघितलं, मग कांड्यांच्या फुगवट्याकडे, आणि काही न विचारता दार धरून उभा राहिला. काचेतून मला दिसलं की मॅनेजर बाहेर आला आणि खाली बघून, चालताना डोकावणाऱ्या त्या चौकडीच्या गोटाकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. ह्यांचे कान लाल झाले. मग दोघं आत गेले.

मी गाडीतच थांबले. परत पाठवलं तर घ्यायला कोणी हवं होतं. एसी लावून, बंद करून, परत लावून बसले. अकरा वाजले, बारा वाजले. चहावाला पोऱ्या दोनदा येऊन भाभी चाय विचारून गेला. लंच टाइमला हे बाहेर आले, कुबड्या मागच्या सीटवर टाकल्या, दार धरलं आणि एक हात मागून फिरवून, चुण्या सारख्या करून सीटवर बसले. कोणी सांगितलं नाही.

"आज अर्धाच दिवस. उद्यापासून ड्रायव्हर येणार आहे घ्यायला," म्हणाले. "तुला यायला नको."

मी गाडी सुरू केली. सिग्नलपाशी ह्यांनी खिशाचं झाकण उघडलं, बंद केलं.

"खिसा जरा खाली हवा होता," म्हणाले. "बसल्यावर हात नीट जात नाही."

"मास्टरला सांगते," मी म्हटलं.