प्रज्ञाला दिलेला सल्ला

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बुद्धविहारातल्या मैत्रिणींपाशीही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण कीव नकोय — कोणी माझी कीव केली की मला चीडच येते.

गणितात एमएस्सी करून पुढे काय? मयूर विहारातल्या आमच्या घरी नात्यातली पोरंपोरी हाच प्रश्न घेऊन येतात आणि मी घडाघडा सांगते — बँका, सांख्यिकी खातं, डेटा, संशोधन. सगळ्यांना सांगते. एकीला तेवढं सांगितलं नाही. धाकट्या बहिणीला, प्रज्ञाला.

तिला ॲक्चुअरी व्हायचं होतं, म्हणजे विमा कंपन्यांसाठी जोखमीचं गणित मांडणारी. ती माझ्याहून हुशार — कितीतरी. मला ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच परीक्षेला मी गुपचूप बसत होते आणि दर वेळी आपटत होते. शेवटी केंद्र सरकारची नोकरी धरली, 'मला हेच हवं होतं' म्हणत मिरवले. आणि आता ही पोरगी पास होणार? माझ्या नाकावर टिच्चून?

बाबांनी नागपूरहून फोन केला. "तू त्यातली जाणकार. पाठवू का गं तिला?"

मी म्हणाले, "तिथे आडनाव बघतात, बाबा. आपल्याला कोण घेतं?"

मला काय माहीत होतं? पेपर तपासणाऱ्यापुढे नुसता नंबर असतो, आणि मुलाखतीपर्यंत तर मी कधी पोचलेच नव्हते! पण बाबांसाठी ऑफिसात पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला असायचा. त्यांना पुरावा लागलाच नाही. ज्या अपमानाशी ते जन्मभर भांडले, तोच मी त्यांच्या मुलीच्या वाटेत आडवा घातला — निव्वळ जळफळाटापायी. आणि दर जयंतीला मी स्टेजवर भाषण ठोकते. लाज कशी वाटत नाही मला?

प्रज्ञाने मुकाट बी.एड. केलं. आता ती पानिपतच्या एका शाळेत गणित शिकवते. मास्तरकी वाईट असते का? मुळीच नाही. पण ती तिने निवडलेली नव्हती.

परवा तिचा फोन आला. तिच्या वर्गातली एक मुलगी, आपल्यातलीच, गणितात फार पुढे आहे म्हणे. ॲक्चुअरी व्हायचं म्हणते.

"मी तिला सांगून टाकलं, ताई — उगाच स्वप्नं बघू नकोस, तिथे आडनाव बघतात. बरोबर केलं ना?"

मी म्हणाले, "बिल्कुल बरोबर."