आक्कांची मोहरी

आक्का आधी दगड मारायच्या आणि मग कोण आहे ते विचारायच्या. आमची ओळख अशीच झाली. सांगलीच्या कॉलेजातून मी मातीचा नमुना घ्यायला कडेगावकडच्या त्यांच्या रानात उतरलो, तोच एक दगड कानाजवळून गेला आणि दुसरा पिंडरीवर बसला. लंगडत जाऊन मी कशासाठी आलोय ते सांगितलं. त्यावर म्हणाल्या, "मग आदी बोंबलायचं न्हाई व्हय? बस, च्या टाकते."

रान ओढ्याकाठचं. वरच्या अंगाला लोखंडी सामानावर निकेलचा मुलामा चढवणारा एक कारखाना होता. त्याचं पाणी वर्षानुवर्षं इथं मुरलं. कारखाना बंद पडला, निकेल मातीत राहिलं. ऊस पिवळा पडला, बांधावरचं गवत खाऊन दुभती म्हैस मेली. त्या दिवशी आक्का कोयता घेऊन गेल्या आणि बंद कारखान्याच्या पत्र्याच्या फाटकावर हात दुखेपर्यंत वार करून आल्या.

आमचं काम साधं होतं. मोहरी मातीतलं निकेल ओढून पानांत साठवते. ती कापायची, वाळवायची, भट्टीत जाळून राखेतून धातू काढायचा आणि रान सुधारेपर्यंत पुन्हा पुन्हा पेरायची. "म्हंजे ही भाजी न्हाई, इख हाय," आक्कांना लगेच समजलं. मग त्या राखणीला बसल्या. भाजी खुडायला आलेल्या सख्ख्या जावेला त्यांनी अंबाडा धरून बांधाबाहेर ओढलं. "आवं आक्का, समजावून सांगा की," मी म्हटलं. "सांगितल्यालं इसरत्यात. मारल्यालं ध्यानात ऱ्हातंय," हे त्यांचं उत्तर.

पहिला धातू निघाला तो ज्वारीच्या दाण्याएवढा, राखाडी. मी कौतुकानं दाखवायला नेला. आक्कांनी तो उंबऱ्यावर ठेवला, "ह्यानं माझी म्हस मारली व्हय?" म्हणाल्या आणि वरवंटा हाणला. दाणा टणकन उडाला. अख्ख्या हंगामाची मेहनत मी गुडघ्यांवर रांगत शोधत बसलो. ती काही सापडली नाही. आक्का मात्र भलत्याच खूश होत्या.

आटपाडीकडचे मेंढपाळ बिरूमामा हे आक्कांचे मानलेले भाऊ. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं खतासाठी या रानात बसायची. त्यासाठी विचारायची रीत नव्हती. त्या वर्षी मोहरी कापून झाली होती आणि खुंटांना पुन्हा पालवी फुटली होती. मी आक्कांना मोटरसायकलवरून बाजारातून आणत होतो. रानात मेंढरं दिसताच त्यांनी चालत्या गाडीवरून उडी टाकली, कुंपणाची काठी उपसली आणि दिसेल त्या पाठीवर हाणत सुटल्या. बिरूमामा आडवे आले, तर तीच काठी त्यांच्या कपाळावर बसली. रक्त डोळ्यांत उतरलं. त्यांनीही काठी उगारली.

"इख हाय त्यात!" आक्का ओरडल्या.

"भनीच्या रानात इख? भाऊ नगं झाला म्हन की!"

आक्कांनी मूठभर पाला ओरबाडला आणि तोंडात कोंबला. "मग मीच खाते. बघ मरते का न्हाई!"

एका घासानं काही झालं नसतं, हे मला माहीत होतं, मामांना नव्हतं. त्यांनी आक्कांना अशी थोबाडीत दिली की पाला बाहेर उडाला आणि त्यासोबत एक दातही. मग दोघं बांधावर बसून हमसून हमसून रडली. पदर फाडून मामांचं कपाळ बांधताना आक्का म्हणाल्या, "रान सुदरलं की पयली मेंढरं तुजीच बसतील रं."

ते बघायला त्या राहिल्या नाहीत. मागच्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. इतक्या जिवापाड मला पुन्हा कुणी दगड मारणार नाही, असं वाटलं होतं.

रान अजून पुरतं सुधारलेलं नाही. यंदा दिवाळीनंतर नमुना घ्यायला गेलो, तर मेंढरं बांधापलीकडे उघड्या माळावर बसलेली. मी मातीला हात घालायला वाकलो, तोच एक दगड कानाजवळून गेला.

"कोन हाय रं तितं? भाईर नीग! इख हाय त्यात!"

काठी उगारून बिरूमामा धावत येत होते.