टोपली खाली ठेवायची नाही

“दादाला हल्ली फोटोचं भारीच वेड लागलंय, नाय?”

आत्या हे काकांना म्हणाली. माझ्या मागून, हळू आवाजात. पण गडाची वाट अरुंद, आम्ही एकामागे एक चाललेलो आणि एवढ्या सकाळी त्या रानात दुसरा आवाज नव्हता. मला ऐकू आलं. माझ्या पुढे चालणाऱ्या आईलाही आलं असणार, कारण तिची पाठ एकदम ताठ झाली. सगळ्यांच्या पुढे बाबा एका वळणावर उभे होते. डाव्या खांद्यावर आंब्यांची टोपली, उजव्या हातात फोन. फोन खालच्या भातखाचरांकडे धरलेला. मे महिन्यात त्या खाचरांत फोटो काढण्यासारखं काही नसतं. धसकटं, भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे डाग, बांधावर एखादा ताड.

“काय दिसतंय बघा,” बाबा म्हणाले. एवढंसं वाक्य त्यांनी दोन तुकड्यांत म्हटलं.

मला माहीत होतं की ते फोटोसाठी थांबले नव्हते. आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या फोनमध्ये मी असे फोटो पाहिले होते. अर्धा अंगठा, पांढरं आकाश, कुणाची तरी चप्पल.

आमची वाडी घिवलीच्या बाजूला आहे. नारळ, चिकू, थोडी आंब्याची झाडं. आम्ही राहतो सरावलीला, कारण बाबा कामाला जातात तो कारखाना तिथून जवळ पडतो. वाडीतला आंबा उतरवला की पहिली टोपली सफाळ्याच्या बाजूच्या या गडावर न्यायची, असा आमच्या घरात रिवाज आहे. समुद्रकाठच्या माणसांनी आंबे डोंगरावर का न्यायचे, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही. बाबा म्हणतात, पूर्वी होडीतून परतताना हाच डोंगर आधी दिसायचा म्हणून. आत्या म्हणते, कुणीतरी नवस बोललं होतं. वर पाण्याच्या टाक्याजवळ शेंदूर लावलेला दगड आहे. त्याला दाखवल्याशिवाय घरात कुणी आंब्याला हात लावत नाही. टोपली घरातल्या थोरल्या मुलाने वाहायची. पायथ्याशी एकदा खांद्यावर घेतली की वर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. खांदा बदललेला चालतो, उभं राहिलेलं चालतं. बसता मात्र येत नाही, कारण बसायचं तर टोपली ठेवावी लागते.

लहानपणी मला ही सगळी मजा वाटायची. कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे आमच्या सहली शुक्रवारी. शाळेला मे महिन्याची सुट्टी असायची म्हणून ते जमायचं. कधी चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीला चालत चालत इतकं लांब जायचं की काठावरची आई ठिपक्याएवढी दिसायची. कधी वाडीत दुपारभर ताडगोळे सोलत बसायचं. कधी करवंदं काढायला जायचं आणि हात ओरबाडून घ्यायचे. माझ्या वर्गातल्या मुली महाबळेश्वरला जायच्या, एकदोघी दुबईला. सुट्टीवर निबंध लिहायचा तेव्हा मला करवंदाला इंग्रजी शब्द सापडायचा नाही, आणि मराठीत लिहायला बाईंची परवानगी नव्हती. मग मी समुद्रावरच लिहायचे.

आणि वर्षातून एकदा गड. तेव्हा बाबा टोपली घेऊन शीळ वाजवत पुढे जायचे. वरच्या वळणावरून ओरडायचे, “आलं का मागचं पार्सल?” मागचं पार्सल म्हणजे मी. टोपली दगडापुढे ठेवून ते पुन्हा अर्ध्या वाटेपर्यंत खाली यायचे आणि मला खांद्यावर बसवून वर न्यायचे. त्यांच्या केसांना आंब्याचा वास यायचा.

शीळ कधी बंद झाली ते सांगता येत नाही. अशा गोष्टी एका दिवशी होत नाहीत. घरात मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझं लक्ष असतं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाबा पहिल्या मजल्यावर थांबून शेजारच्यांच्या तुळशीची चौकशी करायला लागले. त्यांना तुळशीत कधीच रस नव्हता. मग एका उशीच्या दोन उशा झाल्या. मग सकाळी बाथरूममध्ये नळ मोठा सोडून खोकणं सुरू झालं. आई बाहेर चहात आलं किसत उभी असायची. मी तिच्याकडे पाहिलं की म्हणायची, “सर्दी आहे गं.” एवढी लांबलेली सर्दी मी ऐकली नव्हती. पण आईला पुढे काय विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं, ते मला सुचायचं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारायची पद्धत नाही, आणि मला तर साध्या गोष्टीही विचारता येत नाहीत.

एकदा कपाटात सेलोटेप शोधताना मला फुग्यांचं पाकीट सापडलं. घरात कुणाचा वाढदिवस नव्हता. दोनतीन फुगे पाकिटाबाहेर पडलेले, फुगवून सैल झालेले. मी ते तसेच ठेवले. नंतर दुपारी झोपल्याचं सोंग करून पडले असताना पाहिलं. बाबा गॅलरीत पाठमोरे उभे राहून फुगा फुगवत होते. नारळाएवढा व्हायचा, मग ते कठड्याला धरून उभे राहायचे. पावसाळ्याच्या तोंडावर कारखान्यात सगळ्यांची तपासणी असते. त्यात एका नळीत जोरात फुंकायचं असतं. ते जमलं नाही, तर प्लँटवरून काढतात. पर्मनंट माणसाला दुसरीकडे कुठे बसवतात. बाबा कॉन्ट्रॅक्टवर होते. त्यांच्यासारख्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात. बाबा त्या फुंकण्याचा अभ्यास करत होते.

आणि काका त्याच कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. काका म्हणजे आत्याचे यजमान. बाबांहून वयाने लहान, घरी बाबांना दादा म्हणतात, आंब्याची पहिली फोड त्यांना देतात. बाबा त्यांना जावई म्हणतात. पण गेटच्या आत बाबा त्यांना साहेब म्हणतात आणि काका बाबांना आडनावाने हाक मारतात. हे दोघांनी कधी बसून ठरवलं नसणार. काका वाईट माणूस नाहीत. गाडीत सगळ्यांत जास्त तेच हसवतात. पण कामाला कोण चालतंय, कोण नाही, हे वर कळवायचं त्यांचं कामच आहे. त्यामुळे आमच्या घरात एक गोष्ट न बोलता ठरली होती, की काकांसमोर बाबांना काही होत नाही.

म्हणून त्या दिवशी काकांच्या गाडीतून सफाळ्याकडे जाताना आई एकसारखी बोलत होती. एरवी ती इतकी बोलत नाही. बाबांना खोकला आला की ती आवाज चढवायची.

आता फोटो काढून झाला होता. बाबांनी फोन खिशात टाकला, टोपली उजव्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले. ऊन अंगावर यायला लागलं होतं. सागाची पानं पायाखाली कुरकुरत होती.

“दादा, आज गाडी पहिल्या गिअरमधेच हाय काय?” काका मागून ओरडले.

“तुमच्यासाठी हळू चालतोय जावई. पोट बघा किती आलंय.”

“ते तुमच्या बहिणीचं काम हाय, मी काय करू?”

“माझं नाव घेऊ नका,” आत्या म्हणाली, “रातच्याला डब्यातले लाडू कोण खातं ते सांगू का सगळ्यांना?”

सगळे हसले. बाबाही हसायला गेले आणि त्यांचं हसणं मधेच तुटलं. त्यांनी लगेच एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून वर पाहिलं. “पक्षी,” ते म्हणाले. पक्षी नव्हता. आईसुद्धा वर पाहू लागली. मग मीही. आम्ही तिघं मिळून नसलेला पक्षी बघत उभे राहिलो आणि मागून आत्या विचारत होती, “कुठं? कुठं? मला नाय दिसत.”

मला तेव्हा वाटलं की आता काहीतरी करायला हवं. करायचं म्हणजे काय, तर बोलायचं, आणि तिथेच माझं अडतं. लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत येतं, मग मी ते मराठीत जुळवते, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. त्या दिवशी मी बराच वेळ एकच वाक्य जुळवत चालले. ते खोटं होतं, पण त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. पुढची चढण आली तेव्हा मी म्हणाले, “मी दमले. आपण थोडं थांबूया का?”

“अरे, मॅडम दमल्या!” काका म्हणाले. “एसी लावा कुणीतरी.”

“पोरीला इंग्लिश शिकवलंस वैनी, चालायला नाय शिकवलंस,” आत्या आईला म्हणाली, पण तिने लगेच माझ्या पाठीवर हात फिरवला. “बस बाय, बस त्या दगडावर. पाणी पी.”

मी बसले. आत्या बसली. काका बसले. आई बाबांकडे बघत उभीच राहिली. बाबा तर बसू शकत नव्हतेच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही तिघं सावलीत बसून पाणी पीत होतो आणि ते टोपली खांद्यावर घेऊन उन्हात उभे होते. मी जितकी बसून राहीन तितका वेळ ते ओझं घेऊन उभे राहणार होते. मी घाईघाईने उठले.

“झालं एवढ्यात?” बाबा म्हणाले. मग माझ्याजवळ आले. त्यांच्या ओठांचा रंग मला बरा वाटला नाही. “तुझी सॅक दे इकडे.”

“नको बाबा.”

“दे म्हणतो ना. दमलीस तू.”

“बाबा, खरंच नको. जड नाही ती.”

“लहानपणी आख्खी तुला नेलीय वर, सॅकचं काय घेऊन बसलीस?”

सॅकमध्ये सगळ्यांचं पाणी होतं. मी पट्टा घट्ट धरला, त्यांनी तो माझ्या हातातून सोडवला आणि दुसऱ्या खांद्यावर अडकवला. काका म्हणाले, “बाप असावा तर असा.” त्यात चेष्टा नव्हती. त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मी बाबांच्या पाठीमागे चालू लागले. माझी सॅक त्यांच्या पाठीवर डावी-उजवीकडे हलत होती आणि तिच्यातल्या बाटल्यांचा आवाज येत होता. मी काही केलं नसतं तर बरं झालं असतं, एवढंच माझ्या मनात फिरत राहिलं.

त्यानंतर त्यांनी फोटो काढले नाहीत. फोन काढायला हात मोकळा नव्हता. ते दोनचार पावलं टाकत आणि थांबत. थांबले की मी त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकायचे. बारीक, ओल्या शिट्टीसारखा. मागे आत्या आणि काका लाडवांवरून अजून भांडत होते, मग भांडण हळूहळू बंद झालं. तेही ऐकत असावेत.

वर पोचायच्या आधी एक कातळ लागतो. तिथे खोबणीत पाय ठेवून, हाताने वरचा दगड धरून चढावं लागतं. बाबा दरवर्षी तिथे टोपली डोक्यावर घेत आणि एका हाताने चढून जात. त्यांनी टोपली डोक्यावर घेतली. एक पाय खोबणीत ठेवला. आणि मग काहीच केलं नाही. ते तसेच उभे राहिले, चेहरा कातळाजवळ नेऊन, जणू दगडावर काहीतरी वाचत होते. टोपली एका बाजूला कलली. वरचा एक आंबा घरंगळला आणि माझ्या पायाजवळून खाली झाडीत गेला. कुणीच तो उचलायला गेलं नाही.

“दादा?” काकांचा आवाज एकदम वेगळा आला. कारखान्यात ते असेच बोलत असतील असं मला वाटलं. “काय होतंय?”

बाबांनी मोकळा हात हलवला. काही नाही, अशा अर्थाने. त्यांना बोलता येत नव्हतं.

“सर्दी आहे त्यांना,” आई म्हणाली. “रात्रीपासून. पंखा लावून झोपले ना.”

“अगं वैनी, पण हे—” आत्या म्हणाली.

“सर्दीच आहे. होईल बरं. अहो, दमाने चढा.”

हे बोलताना आई काकांकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलेलं तिला दिसलं असावं. तिने मान हलवली, अगदी थोडी, माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही एवढी. त्या हलण्यात सगळं होतं. पुढच्या महिन्यातली तपासणी, घराचा हप्ता, माझ्या शेवटच्या वर्षाची फी, बाबांची गॅलरीतली पाठ. बोलू नकोस. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती चेहऱ्याने हसत होती.

बाबांनी दुसरा पाय उचलला. तो खोबणीपर्यंत गेला नाही, कातळावर घसरून पुन्हा खाली आला. त्यांनी पुन्हा उचलला. शिट्टीसारखा तो आवाज आता सगळ्यांना ऐकू येत होता आणि तरी आम्ही चौघं तिथे उभे होतो, ते चढण्याची वाट बघत.

मी पुढे होऊन त्यांच्या पाठीवरची सॅक दोन्ही हातांनी धरली. मागे वळले. आईकडे पाहिलं नाही.

“काका, बाबांना श्वास घेता येत नाही. आजचं नाही हे, दोन वर्षं झाली. टोपली काढून घ्या त्यांच्याकडून.”