खोली मिळाल्यानंतरचं वर्ष

रस्त्यावर राहणाऱ्यांना भाड्याची खोली मिळवून द्यायची आणि पुढे वर्षभर त्यांच्याकडे येत-जात राहायचं, हे नागपुरातलं आमचं काम. दुपारी डबे उघडले की कोणीतरी किस्सा सुरू करतंच. गंमत अशी की जे नीट पार पडलं ते कोणी सांगत नाही. आपण जिथं चुकलो, तेवढंच आठवतं.

*

देवराव काकाजी उमरेडचे, एकेकाळी हातमागावर काम केलेले. खोली मिळून आठ दिवस झाले होते. मी गेले तर ते कुलूपबंद दाराबाहेर बसलेले, ओठ सुकलेले.

"काकाजी, बाहेर काहून बसले?"

"चाबी हरवली, मॅडम. परवा."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमीच म्हणल्या होत्या ना, नियम मोडला तं खोली जाईल."

म्हटलं होतं खरं. पहिल्याच दिवशी, कागद वाचून दाखवताना. कुलूप तोडायला पाच मिनिटं लागली.

*

शेवंता मावशी फुटपाथवर तीन विटांच्या चुलीवर सात-आठ जणांचा स्वयंपाक करायची. खोलीत गॅस आला तरी ती तेवढाच भात लावायची, आणि जुनी मंडळी जेवायला यायची. घरमालकाची तक्रार आली. मी समजावलं, "मावशी, आता एकटीपुरतं करायचं."

तिनं ऐकलं. मी रिपोर्टमध्ये 'चांगली प्रगती' लिहिलं.

दोन महिन्यांनी मावशी अर्धी झाली होती. "जेवत नाही का?" विचारलं तर म्हणाली, "एकटीसाठी गॅस पेटवावासा वाटत नाही वं बाई."

घरमालकाशी मी बोलले असते तर? तेव्हा सुचलंच नाही.

*

रामभाऊ लकडगंजला एका लाकडाच्या दुकानासमोर राहायचे. फॉर्म भरताना मी विचारलं, "जवळची व्यक्ती कोण?"

"दुकानाचा चौकीदार."

"तो नात्यानं कोण तुमचा?"

"नातं कायचं? बारा वर्षं रोज सकाळी त्यानंच उठवलं मले."

फॉर्मला नातेवाईक हवा होता. मी 'कोणी नाही' लिहिलं.

पावसाळ्यात रामभाऊ दवाखान्यात वारले. अंत्यसंस्काराला ऑफिसचे आम्ही चौघंच होतो. दिवाळीनंतर एक म्हातारा माणूस आमच्या ऑफिसात आला. हातात घडी घातलेलं ब्लँकेट.

"रामभाऊचा नवा पत्ता द्या ना, मॅडम. थंडी सुरू झाली. हे माझ्याजवळच राहिलं होतं."

*

आणि कौसल्याबाई. रामटेककडच्या. वर्षभर मी दर मंगळवारी त्यांच्या दारात उभी राहायचे. "कसं चाललं?" "चांगलं चालून राहिलं." फॉर्मवर टिक करायची आणि पुढच्या घरी जायचं. त्या दर वेळी "बसा" म्हणायच्या. मी दर वेळी "पुढच्या वेळी" म्हणायचे.

वर्ष संपलं. शेवटच्या मंगळवारी मी म्हटलं, "आता मी येणार नाही. आमचं काम एक वर्षाचंच असतं. तुम्ही आता अगदी व्यवस्थित आहात."

त्या आत जाऊन कागद आणि पेन घेऊन आल्या.

"तुमच्या घरचा पत्ता लिहून द्या, मॅडम. आता दर मंगळवारी मी येत जाईन. तुमचं कसं चाललं, पाहून जाईन."

मी कागद घेतला आणि ऑफिसचा पत्ता लिहून दिला.