नळीतला पिवळा थेंब

"सर, नळी फुटेल. पण शाळा वाचेल."

मी गाडीतून उतरत होतो तेवढ्यात कदम साहेब मला असं म्हणाले. ते बॉम्बशोधक पथकाचे प्रमुख. वडूजच्या पुढे एका गावात, शाळेच्या मैदानाच्या कडेला ते उभे होते. समोर चौथऱ्यावर सैन्यातून निवृत्त झालेला एक रणगाडा होता. शाळा त्या दिवशी सोडून दिली होती आणि आसपासच्या घरांतली माणसं देवळाकडे नेली होती.

मी शस्त्रास्त्र तपासणीच्या सरकारी खात्यात नोकरी करतो. स्फोटकं पथकाला कळतातच. पण ही तोफ आतून कशी असते, ते सांगायला मला बोलावलं होतं.

झालं होतं असं. दिवाळीच्या आधी रणगाड्याला रंग द्यायचा म्हणून बबन पेंटर शिडीवर चढला. नळीचं टोपण मागे कधीतरी वादळात उडून गेलं होतं. आतली घाण काढायला त्याने बांबू घातला, तो मध्येच अडला. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं तर आत पिवळ्या धातूचं गोल टोक चमकत होतं. शिडी तिथेच टाकून तो पळाला.

"तोफेच्या गोळ्याच्या नाकावर फ्यूज असतो," कदम म्हणाले. "पितळी. बरोबर ना?"

"बरोबर. फ्यूज म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा भाग. समोरून पाहिलं तर आधी तोच दिसणार."

तेवढ्यात रिसालदार आबा पुढे आले. सत्तरी ओलांडलेले, ताठ. आयुष्यभर ते अशाच रणगाड्यावर होते. चार ठिकाणी अर्ज-विनंत्या करून त्यांनीच हा रणगाडा गावात आणला होता.

"साहेब, सकाळपासनं समदं गाव मला बोलतंय. म्हंत्यात, आबानं शाळंम्होरं बॉम्ब आणून ठिवला. तुमी बगा आन् सांगा. खरंच गोळा असंल तर मीच चूक. पर नसताना तोफ फोडू नगा."

मी त्यांना बसवलं आणि कामाला लागलो.

रणगाड्यावर फिरणारा जो घुमट असतो तो टरेट. त्यातून पुढे आलेली ती नळी. नळीच्या मागच्या टोकाला, टरेटच्या आत, जाड पोलादी दार असतं. त्याला ब्रीच म्हणतात. गोळा तिथून भरतात, तोंडाकडून नाही. रणगाडा स्मारकासाठी द्यायचा ठरला की ब्रीच वेल्डिंग करून कायमचं बंद करतात आणि टरेटच्या पुढे नळीला खालून एक भोक पाडतात. म्हणजे कोणी काही उद्योग केला तरी तोफ उडत नाही.

बबनचा बांबू जमिनीवर पडला होता. जिथे अडला तिथपर्यंत त्याला आतली ओली घाण लागली होती. मी तो नळीच्या बाहेरून, नळीला न टेकवता धरून पाहिला. अडथळा त्या भोकाच्या थोडा पुढे येत होता. ब्रीचमधून भरलेला गोळा त्याच्या बराच मागे, टरेटच्या आत असायला हवा.

"म्हणजे भरलेला गोळा नाही," मी म्हणालो.

"मग मध्येच अडकलेला असेल. ते जास्त वाईट." कदमांनी मला त्यांच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवला. पितळी टोकाभोवती ओलं, हिरवं कापड होतं. "आणि हे काय? दारूची पिशवी?"

मोठ्या तोफांची दारू कापडी पिशवीत भरतात, हे खरं. पण या तोफेची दारू धातूच्या नळकांड्यात असते. तिच्यात कापडाचं काही काम नाही. मी तसं सांगितलं.

कदमांचा चेहरा आणखी उतरला. "सर, म्हणजे सैन्याने हे ठेवलेलं नाही. बाहेरून कोणीतरी घातलंय. तेसुद्धा शाळेसमोर. मग मी धोका घेणार नाही. आतच छोटा स्फोट करून निकामी करतो."

त्यांचं चुकत नव्हतं. माझ्याच उत्तरांनी संशय वाढवला होता. आबा लांबून माझ्या तोंडाकडे बघत होते.

तेव्हा मला नळीच्या खालच्या भोकाशी एक थेंब दिसला. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. तोंडातून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर येत होतं. थेंब पिवळा होता.

मी कदमांना मागे सरकायला सांगितलं. काही जुनी स्फोटकं पिवळीच असतात.

संरक्षक पोशाख चढवून मी कापसावर तो थेंब टिपला आणि शाळेच्या भिंतीआड आलो. पांढऱ्या कापसावर तो रंग वेगळा वाटला, ओळखीचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. रसायनशास्त्र मला पहिल्यांदा पाटणच्या शाळेत दिसलं. सरांनी हळदीत बुडवलेला कागद वाळवून त्यावर चुन्याचं बोट फिरवलं होतं आणि पिवळ्याचा लाल झालेला पाहून वर्गात आरडाओरडा झाला होता. पुढे कितीतरी महागडी उपकरणं हाताळली, पण मी या खात्यात आलो तो त्या कागदामुळे.

मी शेजारच्या हवालदाराला विचारलं, "चुना आहे का?"

तो गडबडला. "साहेब, मी ड्यूटीवर तंबाखू..."

"रिपोर्ट नाही करत. डबी द्या."

चुना लागला आणि कापूस कुंकवासारखा लाल झाला.

कदम म्हणाले, "हळद?"

"वाटते तरी हळद. पण काही स्फोटकंही अशा चाचणीत लालसर होतात. यावरून आत बॉम्ब नाही, असं मी म्हणणार नाही. फक्त कोणाला विचारायचं ते कळलं." मी आबांकडे वळलो. "आबा, याला हळद कोण वाहतं?"

"खंडेनवमीला आमी पूजा करतो की. हार, हळद-कुकू, नारळ. पर समदं भाईरनं. आत कोन कशाला घालंल?"

"तुम्ही पुरुष माणसं. आणि तुमची पूजा झाल्यावर?"

आबांनी वळून देवळाकडे पाहिलं, बायका तिथेच होत्या. आम्ही देवळाकडे गेलो.

मी बायकांना नळीत काय दिसतंय ते सांगितलं. पितळेचं टोक, हिरवं कापड, हळद. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग हिराकाकू नावाच्या एक बाई उठल्या. त्यांचा मुलगा सीमेवर रणगाड्याच्या रेजिमेंटमध्ये आहे.

"हिरवा खण माजा हाय," त्या म्हणाल्या. "आन् त्ये पितळंचं फुलपात्र हाय. वटी भरली म्या."

"तोफेची ओटी?" कदमांना खरं वाटेना.

"मग? देवीची समदीच भरत्यात. माजा ल्योक हिच्यात बसतो, हिची कोन भरनार?"

मागून एक सून हळूच म्हणाली, "मी बी भरली." मग आणखी एक. मग तर सगळ्याच एकदम बोलायला लागल्या.

आबा ओरडले, "माज्या नाकाखाली? कवा?"

"आवं भावजी, पूजा झाली की तुमी समदी जेवायला पळता. शिडी तितंच असती."

"मग सकाळपासनं बोलला का न्हाई, वैनी?"

"तुमी म्हनला बॉम्ब घावला. आमच्या वटीत कुटला बॉम्ब? आमाला वाटलं, त्यो निराळा."

कदमांनी स्फोटाचा बेत थांबवला, पण शिस्त सोडली नाही. सगळ्यांना लांबच ठेवलं. लांब दोरीला आकडा बांधला आणि भिंतीआडून ओढायला सुरुवात केली. पहिल्यांदा फुलपात्र ठण्‌कन खाली पडलं. त्यामागून हिरवा खण आला. मग लहान नारळ, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, कुजलेले तांदूळ, आणखी खण. टोपलीभर निघालं. शेवटी कॅमेरा तळापर्यंत गेला. ब्रीचचं वेल्डिंग जसंच्या तसं होतं. नळी रिकामी होती.

"क्लिअर," कदम म्हणाले आणि तिथेच मातीत बसले. मीही बसलो. हवालदाराने न विचारता तंबाखू मळायला घेतली आणि साहेबांनी दुसरीकडे पाहिलं.

गावातल्या लोकांना परत येऊ दिल्यावर सगळे रणगाड्याभोवती जमले. ज्यांनी सकाळी आबांना बोल लावले होते तेच आता त्यांच्या आधी हसत होते. फक्त हिराकाकू टोपलीजवळ उभ्या होत्या. त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "साहेब, वटी भाईर काडली. नवसाला काय बाधा तर न्हाई ना?"

 मी आबांकडे पाहिलं.

"वैनी," आबा म्हणाले, "मी आयुष्यभर असल्या तोफंत गोळं भरलं. हिच्या पोटापतुर गेलेलं कवा वाया जात न्हाई. पोचली तुमची वटी."

काकूंनी पदराने डोळे पुसले, फुलपात्र उचललं आणि ते पदरानेच घासायला लागल्या.

आता त्या नळीच्या तोंडाला जाळीचं पक्कं झाकण आहे आणि चौथऱ्यावर ओटी भरायला एक कोनाडा बांधलाय. त्याचं माप मीच काढून दिलं, नारळ नीट मावेल असं.

ऑफिसात मी रिपोर्ट दिला. शिफारशीच्या रकान्यात लिहिलं की, स्मारकाच्या तोफांची पाहणी दरवर्षी खंडेनवमीनंतर करावी, आणि आधी गावातल्या बायकांना विचारावं. वरिष्ठांनी पहिला भाग मंजूर केला. दुसऱ्यासमोर प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. मी मात्र तो पाळतो.