दलालांच्या पैशावर मानसशास्त्र

एम.ए. झाल्यावर मला डॉक्टरेट करायची हुक्की आली, तेव्हा मानसशास्त्राला स्वतःचं घरसुद्धा नव्हतं. नागपूरला आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञानाच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहत होतं. कपाटात मेंदूचा एक प्लॅस्टरचा नमुना होता. त्याचा एक तुकडा हरवला होता, आणि माझ्या मार्गदर्शक सरांच्या मते त्यावाचून तिथल्या कोणाचं काही अडत नव्हतं.

सरांनी विषय दिला तो असा: एखादा शब्द कानावर पडल्यावर माणूस मनात येईल तो दुसरा शब्द सांगायला किती वेळ घेतो, आणि कुठल्या शब्दाला अडखळतो. त्यासाठी त्यांनी आपलं स्टॉपवॉच माझ्या हवाली केलं. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "विद्या आणि लक्ष्मी एकत्र नांदत नाहीत." सरांकडे दोघीही बेताच्याच होत्या, पण माणूस मायाळू.

सरकारी शिष्यवृत्तीसाठी मी आधीच अर्ज केला होता. तेवढ्यात राज्यांची वाटणी झाली आणि आम्ही जागचे न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो. अर्ज मात्र भोपाळला गेला. मुंबईवाले म्हणाले, भोपाळला विचारा. भोपाळवाले म्हणाले, तुम्ही आता आमचे नाही. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडायची सोय राहिली नाही.

राहिले बाबा. गोंदियाजवळ आमच्या गावी, दवनीवाड्याला, धानाची शेती होती, खाणारी तोंडंही भरपूर होती. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टर झाल्यावर सुई मारता येईन का तुले?"

"नाही."

"मंग कायले होतं?"

बाबांकडून पैसे मिळायचे नाहीत, हे मी ओळखलं.

शेवटी गोंदियाच्या एका शेठकडे गेलो. त्यांची राईस मिल होती आणि आमच्या गावचं धान दलालांमार्फत त्यांच्याकडेच जायचं. शेठ गादीवर लोडाला टेकून वाटाणे खात होते.

"मन का डॉक्टर?" ते म्हणाले. "मतलब सामनेवाला क्या सोचता है, मालूम पडता है?"

"नाही शेठजी. फक्त तो किती वेळ थांबतो ते मोजता येतं."

मी स्टॉपवॉच दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन चार वेळा दाबलं. टिक्, टिक्. मग वाटाण्यांची बशी बाजूला सारली आणि म्हणाले, "खर्चा हम देंगे. हर हफ्ते आओ, बाजू में बैठो, और जब हम दलाल से भाव पूछें, ये दबाओ. बस."

मी म्हटलं, याने काहीच कळणार नाही. शेठ म्हणाले, "तुमको नहीं कळेगा. उनको कळेगा."

शेठचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं, पण माझ्या विषयातलं त्यांना माझ्याहून लवकर समजलं होतं. आठवडाभर नागपूरला वाचन आणि सुटीच्या दिवशी गोंदियाच्या गादीवर बैठक, असा माझा क्रम सुरू झाला. दलाल मुठीत धानाचा नमुना घेऊन यायचा. शेठ चार दाणे दातांखाली चावायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, "आखरी भाव?" मी कळ दाबायचो. दलालाची नजर माझ्या हाताकडे जायची.

"ये क्या है, शेठजी?"

"कुछ नहीं. कॉलेज का लडका है. मन नापता है."

एवढ्यावर भला माणूस घामाघूम व्हायचा. भाव सांगायचा आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच उतरवायचा. एकाने तर मी नुसता खोकलो तरी आणखी उतरवला. मी आपला गंभीर चेहरा करून वहीत आकडे लिहीत बसायचो. त्यातले निम्मे आकडे मेसच्या हिशेबाचे असायचे.

दिवाळीनंतर गावी गेलो, तेव्हा बाबा बैलांना पाणी दाखवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तठी शेठच्या गादीवर घड्याळ घेऊन बसून राहिला म्हणते लोक."

"हो. त्यावरच शिकणं चाललंय."

"शेठ दलालाले पिळते, दलाल आमाले पिळते. तुह्या शिकण्यानं गावाचा भाव पडून राहिला ना बे. मेंदूचं शिकतं, एवढं नाही समजत?"

मानसशास्त्रात हे कुठेच दिलेलं नव्हतं. मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, शहरातलं खाऊन पोट बिघडलं.

पुढच्या खेपेला गोंदिया स्टेशनवर उतरलो, तर दलालांमधले सर्वांत वडीलधारे, ज्यांना सगळे काका म्हणत, ते चहाच्या दुकानापाशी उभे. त्यांनी मला बाकावर बसवलं, भजी मागवली.

"साहेब, शेठ तुम्हाले पैसे देते ना?"

"देतात."

"आमी सारे मिळून तेवढेच देतो. तुमी नागपुरातच राहा. खूब पढो. फक्त त्या गादीवर येऊन बसू नका."

एखाद्याने अभ्यास करावा म्हणून पैसे मिळतात हे मी ऐकलं होतं. येऊ नये म्हणून मिळणारी शिष्यवृत्ती माझ्या माहितीत ही एकच. मी दोन अटी घातल्या. गावच्या धानाला भाव नीट द्यायचा, आणि प्रयोगाला मला माणसं हवी होती, तिथे दलालांनीच बसायचं.

काकांनी आणखी एक भजं उचललं. "दुखते का?"

"नाही. मी शब्द सांगणार, तुम्ही मनात येईल ते बोलायचं."

शेठना मी सरळ जाऊन सांगितलं. ते रागावतील वाटलं होतं, पण एवढंच म्हणाले, "अच्छा सौदा किया. हमारे यहाँ रहते तो दलाल बनते."

मग धर्मशाळेच्या ओसरीवर माझे प्रयोग झाले. 'धान' म्हटलं की 'भाव', 'नदी' म्हटलं की 'पूल', सगळे झटझट उत्तर देत. 'बायको' म्हटल्यावर मात्र बहुतेकांची वाचा जायची. एकाने इतका वेळ घेतला की मला वाटलं घड्याळ बंद पडलं. काका 'खरं' या शब्दाला अडकले आणि शेवटी म्हणाले, "हा शब्द आमच्यात चालत नाही." महिनाभराने खुद्द शेठ हजर. आपण दलालांपेक्षा जलद आहोत की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. नव्हते. मी ते त्यांना सांगितलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक विद्वान आले होते. त्यांनी विचारलं, "या संशोधनाला आर्थिक साहाय्य कोणाचं?" मी तोंड उघडणार तोच सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाले, "तांदूळ व्यापारातल्या काही विद्याप्रेमी सज्जनांचं." विद्वानांना गहिवरून आलं. समाज जागा होतोय, असं काहीसं ते बोलले.

पदवी घेऊन गावी गेलो. शेजारचा एक जण आपली आटलेली म्हैस दाखवायला घेऊन आला. मी त्याला समजावून परत पाठवलं. बाबा खाटेवर बसून बघत होते.

"माणसाचा डॉक्टर नाही, ढोराचा नाही. मंग कोणाचा तू?"

"दलालांचा," मी म्हटलं.

त्या दिवशी पहिल्यांदा बाबा माझ्यावर खूष दिसले. "मंग बिमारच राहू दे त्याईले."